पाच गावं आणि सुईचं टोक



आजचं चिंतन : महाभारत, उद्योगपर्व, श्रीकृष्णाची शिष्टाई

पांडवांचा बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास संपलेला आहे. ठरल्याप्रमाणे त्यांचं राज्य त्यांना परत मिळायला हवं. दुर्योधन द्यायला तयार नाही. युद्ध टळावं म्हणून धर्मराज संजयाबरोबर निरोप पाठवतो की आम्हाला पाच गावं दिलीत तरी चालेल. चार गावांची नावं तो स्वतः सांगतो आणि पाचवं तुम्हाला वाटेल ते द्या म्हणतो. पुढे श्रीकृष्ण स्वतः हस्तिनापूरला जातो. आणि दुर्योधनाचं उत्तर आपल्या सगळ्यांना लहानपणापासून पाठ आहे. सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीसुद्धा मिळणार नाही.

हा प्रसंग वाचताना आपल्याला वाटतं, ही राजेलोकांची गोष्ट. पण खरं सांगा, सुईच्या टोकाएवढ्या मातीचं भांडण आपल्या मौद्यात कोणी पाहिलं नाही? रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून होणारी भांडणं पाहा. दरवर्षी नांगराचं एक तास धुऱ्यात घुसतं आणि दहा वर्षांनी धुरा हातभर सरकलेला असतो. लेआउटमध्ये तर अजून वेगळं. प्लॉट घेतला तेव्हा दोघांकडे सायकली होत्या. आता दोघांकडे चारचाकी आहे, आणि दोघांच्या मधली दहा फुटांची वाट तेवढीच आहे. एकाने घरासमोर ओटा काढला, दुसऱ्याने फाटकाचा उतार पुढे आणला, तिसरा रात्री गाडी अशी लावतो की चौथ्याचं फाटकच उघडत नाही. मग सुरू होतं. "थो रस्ता काय तुह्या बापाचा हाय काय?" इथून सुरू झालेलं भांडण कधी ठाण्यात जातं, कधी कोर्टात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन घरांतली पोरं एकमेकांशी खेळायची थांबतात.

मागच्या आठवड्यात आपल्यातल्याच एका दादाने विचारलं होतं. शेजारी आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गाडी लावतो, सांगून ऐकत नाही. आई म्हणते, आपण देवाधर्माचं करणारी माणसं, सोडून दे. भाऊ म्हणतो, एकदा दाखवूनच देऊ. मी काय करू?

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आजच्या वाचनात आहे असं मला वाटतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

देवभक्ताने गप्प बसायचं का?

पहिली गोष्ट. श्रीकृष्णाने पांडवांना "जाऊ द्या, राज्य काय सोबत न्यायचं आहे" असं सांगितलं नाही. अन्याय होत असताना गप्प राहणं म्हणजे क्षमा, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. क्षमा करणाऱ्याचं मन मोकळं होतं. गप्प बसणाऱ्याचं मन मात्र आतून धुमसत राहतं. शेजाऱ्याची गाडी दिसली की रोज सकाळी पूजेच्या आधी शिव्या आठवत असतील, तर आपण काही सोडून दिलेलं नाही. फक्त बोललेलो नाही.

आणि वाट ही काही चैनीची गोष्ट नाही. घरात म्हातारं माणूस असेल, बाळंतीण असेल, तर रात्री अ‍ॅम्ब्युलन्स दारापर्यंत यायला हवी. शेताला वाट नसेल तर ट्रॅक्टर कुठून नेणार, कापलेला धान बाहेर कसा काढणार? तेव्हा आपली वाट मागणं यात अधर्म काहीच नाही. मागायची कशी, एवढाच प्रश्न आहे.

आपली पाच गावं कोणती?

आता धर्मराजाकडे पाहा. त्याचा हक्क किती होता? इंद्रप्रस्थाचं अख्खं राज्य. त्याने मागितलं किती? पाच गावं. पाच भावांना पाच गावं, म्हणजे जगायला लागेल तेवढं. हक्क आणि गरज यांतला फरक त्याने आधी स्वतःशी ठरवला आणि मग निरोप पाठवला.

माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात एक शिस्त असते. ग्राहकाला नेमकं काय हवं ते आधी लिहून काढायचं, मगच कोडला हात लावायचा. लिहायला बसलं की बहुतेक वेळा कळतं, मागणी मोठी होती, गरज लहान होती. शेजाऱ्याच्या भांडणातही हे करून बघा. एक कागद घ्या आणि लिहा, मला नक्की काय हवं आहे?

शेजाऱ्याने माझी माफी मागावी, असं लिहाल तर ते गाव नव्हे. त्याने ओटा तोडावा आणि सगळ्या गल्लीने बघावं, हेसुद्धा गाव नव्हे. माझी गाडी सकाळी नऊला निघाली पाहिजे, रात्री कधीही अ‍ॅम्ब्युलन्स येता आली पाहिजे, पावसाचं पाणी माझ्या भिंतीत मुरता कामा नये. ही झाली गावं. मोजली तर ती तीन-चारच निघतात. बाकी सगळा अहंकाराचा मुलूख असतो.

रस्ता हवा आहे की विजय हवा आहे, हे त्या कागदावर स्वतःलाच दिसतं. दोन्ही हवं असेल तर बहुतेकदा दोन्ही जातं.

पाचवं गाव

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त आवडतं ते पाचवं गाव. चार नावं धर्मराजाने सांगितली. पाचवं मात्र दुर्योधनावर सोडलं. किती शहाणपण आहे यात! समोरच्याला द्यायचं तर आहेच, पण त्यातलं काहीतरी त्याच्या मर्जीने दिलं असं त्यालाही वाटलं पाहिजे. माणूस जमिनीच्या तुकड्यासाठी जेवढा अडून बसतो, त्यापेक्षा जास्त आपला शब्द खाली पडू नये म्हणून अडून बसतो.

म्हणून शेजाऱ्याकडे जाताना सगळी उत्तरं आपणच घेऊन जाऊ नये. "काका, सकाळी आठ ते दहा वाट मोकळी पाहिजे एवढंच म्हणणं आहे. गाडी कुठे लावायची, आत की कोपऱ्यावर, ते तुम्ही ठरवा." एवढं बोललं तरी समोरच्याचा ताठरपणा थोडा कमी होतो. दुर्योधनाने ते पाचवं गावही नाकारलं, हे खरं. पण गल्लीत दुर्योधन फार कमी असतात. बहुतेक आपल्यासारखेच असतात. दमलेले, ईएमआय भरणारे, पार्किंगला जागा नसलेले.

कृष्ण कसा गेला, कसा बोलला

श्रीकृष्ण स्वतः गेला. निरोपाला निरोप, स्टेटसला स्टेटस असं त्याने केलं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "काही लोकांना अक्कल नसते" असं लिहिणं ही शिष्टाई नव्हे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या दारी जावं, दिवसाउजेडी जावं, डोकं शांत असताना जावं. गाडी अडलेली असताना, हॉर्न वाजवत वाजवत बोलायला जाऊच नये.

तो दुर्योधनाच्या घरी जेवला नाही. दुर्योधनाने विचारलं तेव्हा त्याने स्पष्ट सांगितलं की माणूस एकतर प्रेमापोटी दुसऱ्याकडे जेवतो किंवा अडचणीत असला तर जेवतो. इथे दोन्ही नाही. आणि तो विदुराकडे गेला. म्हणजे खोटं गोड बोलायची गरज नाही. मनात नसताना "आपलं तर घरच्यासारखं आहे" असं म्हणू नये. पण अपमानही करू नये. मोजकं, खरं आणि आदराने, एवढं पुरतं.

आणि तो सभेत बोलला. आधी धृतराष्ट्राला, म्हणजे घरातल्या मोठ्याला उद्देशून बोलला. भीष्म, द्रोण, विदुर समोर होते. गांधारीलाही बोलावून घेतलं गेलं की मुलाला समजाव. चार शहाण्या माणसांसमोर बोललं की आपली जीभ आवरते आणि समोरच्यालाही वाटेल ते नाकारता येत नाही.

आपल्याकडेही अशी सभा होती आणि आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावातले वाद गावातच सामोपचाराने मिटावेत म्हणून गावोगावी तंटामुक्ती समित्या झाल्या. काही गावांत त्या कागदावर राहिल्या, काही ठिकाणी खरंच चालल्या. आपल्या गावात समिती असेल तर तिथे जा. नसेल तर दोघांनाही मान्य असलेले दोन ज्येष्ठ माणसं बसवा. एक अट पाळा. आपल्याच बाजूचे चार जण घेऊन जाणं म्हणजे सभा नव्हे, ती फौज झाली.

पृथ्वीचं हसू

भागवताच्या बाराव्या स्कंधात एक विलक्षण कल्पना आहे. आपल्याला जिंकायला निघालेले राजे पाहून पृथ्वी हसते. हे माझ्यासाठी बापलेकात, भावाभावात लढतात. यांचे पूर्वज मला इथेच ठेवून गेले, हेही तसेच जातील, आणि तरी मला "माझी" म्हणतात!

हे हसू मला आमच्या नात्यातल्या एका घरी दिसलं. दोन शेजारी, मधल्या दीड फुटावरून चार वर्षं वाद. हा म्हणायचा माझ्या प्लॉटमध्ये आहे, तो म्हणायचा माझ्यात. तिळगूळ बंद, तान्ह्या पोळ्याला पोरांचा नंदीसुद्धा त्या दारी जायचा बंद. शेवटी कंटाळून दोघांनी मिळून मोजणी आणली. नकाशा आला तर तो दीड फूट दोघांचाही नव्हता. तो लेआउटच्या रस्त्याचा होता. चार वर्षं ज्या मातीसाठी दोन घरं भांडली, ती सगळ्या गल्लीची निघाली. त्या दिवशी पृथ्वी नक्कीच हसली असेल. आणि बरं का, त्यांच्या चेहऱ्यावरही हसू आलं. वाद तिथेच विझला, कारण भांडायला काही उरलंच नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, रागाच्या आधी मोजणी करा. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज होतो, लगतच्या धारकांना नोटीस जाते, हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात आणि नकाशाची 'क' प्रत मिळते. दोघांनी मिळून अर्ज केला तर सगळ्यात उत्तम. आजोबा सांगायचे तिथून बोरीच्या झाडापर्यंत आपलं, या भरवशावर भिंत बांधू नये. झाडही जातं आणि आजोबाही.

कागद म्हणजे अविश्वास नव्हे

पुष्कळ चांगली माणसं शेजाऱ्याला वाट द्यायला घाबरतात. आज जाऊ दिलं तर उद्या हक्क सांगेल. ही भीती अगदीच खोटी नाही. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आपल्या भागाला जुना ओळखीचा आहे. तो झाला तेव्हा सुरुवातीला ज्या थोड्या प्रांतांना लागू होता, त्यात आपला मध्य प्रांत होता. त्या कायद्याप्रमाणे एखादी वाट २० वर्षं उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरली तर वहिवाटीचा हक्क तयार होऊ शकतो.

पण त्याच कायद्यातली दुसरी बाजू लोकांना माहीत नसते. मालकाच्या परवानगीने केलेल्या वापरातून असा हक्क तयार होत नाही. मग भीती कसली? दोन ओळींचा कागद करा. "माझ्या जागेतून अमुक फूट वाट येण्याजाण्यासाठी मी परवानगीने देत आहे." खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख. देणाऱ्याचा हक्क शाबूत राहिला, घेणाऱ्याची सोय झाली. दया आणि सावधपणा एकमेकांच्या विरोधात नाहीत. कागद नसल्यामुळे जेवढी नाती तुटली, तेवढी कागद केल्यामुळे तुटलेली मी पाहिली नाहीत.

शेतीच्या बाबतीत शासनानेही एक चांगला मार्ग काढला आहे, आणि त्याचं नावच मला फार आवडतं. सलोखा योजना. जानेवारी २०२३ मध्ये ती आली. एका शेतकऱ्याची जमीन किमान १२ वर्षं दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असं असेल तर दोघांनी राजीखुशीने अदलाबदलीचा दस्त करायचा. मुद्रांक शुल्क नाममात्र १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला वाद इतक्या कमी पैशात मिटू शकतो. सध्याची मुदत आणि अटी तलाठ्याकडे विचारून घ्या.

आणि शिष्टाई फसली तर?

फसू शकते. साक्षात भगवंताची फसली, तिथे आपलं काय! मग मात्र संकोच करू नका. आपल्याला कुरुक्षेत्रावर जायची गरज नाही, आपल्याकडे तहसील आहे, न्यायालय आहे.

शेताची आधीपासून चालू असलेली वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "पाहू, समजेल त्याला" करत करत ही मुदत अनेकांची निघून जाते. शेताला वाटच नसेल आणि दुसऱ्याच्या हद्दीवरून, धुऱ्यावरून ती हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ आहे. घराच्या, प्लॉटच्या वाटेचा वाद दिवाणी न्यायालयाचा. तिथेही आधी लोकअदालत सुचवा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं, म्हणजे वाद खरोखर तिथे संपतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही आधी केलेला प्रत्येक चांगला प्रयत्न, भेट, पत्र, बैठक, वाया जात नाही. कृष्ण जाऊन आला म्हणूनच पुढे कोणी म्हणू शकलं नाही की पांडवांनी मागितलंच नाही. तारीख टाकून ठेवलेलं एक नम्र पत्र तहसीलात तुमच्या बाजूने उभं राहतं. आणि त्याहून महत्त्वाचं, रात्री झोपताना मनात टोचणी राहत नाही.

फक्त एवढं करा. केस लढा, पण वैर घरात आणू नका. तारखेच्या दिवशी शेजाऱ्याकडे मयत झाली तर खांदा द्यायला जा. त्याच्या पोरीचं लग्न असेल आणि बोलावलं असेल तर जा. न्यायालयात प्रतिवादी असलेला माणूस गल्लीत शेजारीच असतो, आणि निकाल लागल्यावरही तिथेच राहणार असतो.

दुर्योधन कोण, हेही तपासावं

ही कथा वाचताना आपण सगळे स्वतःला पांडवांच्या बाजूला उभं करतो. शेजारी दुर्योधन. पण शेजारीही हीच कथा वाचतो आणि तोही पांडवच असतो! मग कधीतरी आपल्या दारात उभं राहून उलटं बघावं. माझा उतार रस्त्यावर किती आलाय? माझ्या छताचं पाणी कोणाच्या आंगणात पडतं? माझ्याकडे पाहुणे आले की त्यांच्या गाड्या कोणाच्या फाटकासमोर लागतात? सुईचं टोक आपल्याही हातात असू शकतं. ते असेल तर कोणी शिष्टाईला यायच्या आधीच ते टोक खाली ठेवावं. त्याला पुण्य लागत नाही, फक्त थोडी लाज लागते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता लिहिली, ४१ अध्यायांची. आपल्या विदर्भाच्या मातीतल्या या संताला गावातच देव दिसला. मग ज्या गल्लीतून आपण मंदिरात जातो, ती गल्लीही मंदिराचाच भाग झाली. ती अडवून आपण आत जाऊन कोणापुढे हात जोडणार?

दादा, तुमची आई म्हणते त्यात खरं आहे, वैर सोडून द्यायचं. भाऊ म्हणतो त्यातही खरं आहे, वाट सोडायची नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतं. हेच तर कृष्णाने हस्तिनापुरात करून दाखवलं. या रविवारी सकाळी जा, एकटे जा, तुमची तीन-चार गावं सांगा आणि एक गाव त्यांच्यावर सोडा.

आजचा संकल्प : ज्या एका माणसाशी जागेवरून, वाटेवरून, पाण्यावरून आपलं बोलणं बंद आहे, त्याच्याशी आज निदान "नमस्कार, कसे आहात" एवढं बोलायचं. वादाचं काहीच काढायचं नाही. फक्त नमस्कार. आणि घरी येऊन आपली पाच गावं कागदावर लिहायची.

प्रार्थना : हे भगवंता, माझा हक्क मागायचं धैर्य दे आणि मागताना जिभेवर गोडवा दे. माझ्या वाट्याचं मला मिळो, दुसऱ्याच्या वाट्यावर माझी नजर न जावो. माझ्या दाराची वाट मोकळी कर, आणि माझ्यामुळे कोणाची अडली असेल तर तीही माझ्याच हातून मोकळी करून घे.

राम कृष्ण हरी.